शिश्नाचा कर्करोग : छेदनाकडून रक्षणाकडे

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि प्रतिजैविकांच्या निर्मितीने या माळरानाचे नाव देशभर झाले. त्या काळी शिश्नाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या कामगारास मात्र शस्त्रवैद्याचा बहुधा एकच निकाल ऐकावा लागे : रोगापलीकडचा दोन सेंटिमीटर निरोगी भाग धरून अवयव छेदावयाचा. जीव वाचे, परंतु दाम्पत्यसुख आणि स्वतःविषयीचा भरवसा त्या छेदाबरोबर जाई, आणि या हानीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे.

पुढे अनुभवाने सिद्ध झाले की लहान, उथळ रोगास काही मिलिमीटरांची निरोगी कडाही पुरते. मग अग्रत्वचेपुरता रोग सुंतेने निघू लागला, वरच्या थरातल्या रोगास फ्लूरोयुरासिलचे मलम किंवा लेसर पुरू लागले, आणि शिश्नमण्यावरील रोगट आवरण काढून तेथे मांडीची त्वचा बसविण्याची विद्या रूढ झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ ते १९९६ या काळात २३ रुग्णांवर किरणोत्सर्गी इरिडियमचा इलाज झाला व १९९९ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. भूल देऊन रोगग्रस्त भागातून समांतर पोकळ सुया ओवावयाच्या, त्यांतून ते द्रव्य आत पोचवावयाचे आणि ठरलेली मात्रा पुरी होताच सुया काढून घ्यावयाच्या, अशी ही पद्धती.

अवयव राखला म्हणजे जोखीम सरली असे मात्र नव्हे. त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचा संभव छेदनापेक्षा अधिक असतो. तो वेळीच हेरला तर दुसऱ्या शस्त्रक्रियेने बहुधा आटोक्यात येतो, म्हणून वर्षानुवर्षे नियमित तपासणी अपरिहार्य ठरते. जांघेतील लसीकाग्रंथींची तपासणी तर त्याहून महत्त्वाची, कारण रुग्णाचे आयुष्य मुख्यतः त्यांच्या स्थितीवर अवलंबून असते.

रक्षणाची ही सारी साधने रोग लहान असतानाच कामी येतात. चाकणच्या कारखान्यांत सोलापूर-मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेला, भाड्याच्या खोलीत चौघांसह राहणारा तरुण मागे न सरणाऱ्या अग्रत्वचेखालची बिनदुखी जखम लाजेपोटी महिनोन्‌महिने लपवितो, तेव्हा अर्धशतकाची ही कमाई त्याच्यापुरती व्यर्थ जाते. यास्तव कारखान्याच्या दवाखान्यात या रोगाची चौकशी तंबाखूच्या चौकशीइतक्याच सहजतेने व्हावी, काही आठवड्यांत न भरणारी जखम तज्ज्ञाकडे धाडण्याची तजवीज असावी, आणि उपचारोत्तर तपासणीसाठी कंत्राटी कामगारासही भरपगारी रजा हक्काने मिळावी.