समोरचा माणूस

तलवार म्हटली की आपल्याला पोवाडा आठवतो, रणांगण आठवतं. आज ज्या तलवारबाजीविषयी बोलायचं आहे, तिच्यात रक्त सांडत नाही. चौदा मीटर लांबीचा अरुंद पट्टा, अंगात पांढरा पोशाख, तोंडावर जाळीचा मुखवटा आणि हातात लवचिक पातं. या खेळात हत्यारं तीन: फॉइल, सेबर आणि एपे.

त्यातल्या एपेचा नियम सर्वांत सोपा. डोक्यापासून पायापर्यंत कुठंही टोक लागलं की गुण. टोकाला बारीकशी कळ असते. ती दाबली गेली की दिवा लागतो. गंमत अशी, की दोघांचे वार एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागले, तर दोन्ही दिवे लागतात आणि गुण दोघांनाही मिळतो. म्हणजे मारणारा आणि मार खाणारा एकच! आणि लढतीच्या आधी व नंतर मुखवटा काढून, पातं उंचावून समोरच्याला सलाम करायचा. खेळाची सुरुवातच मुळी ‘तू आहेस’ असं मान्य करण्यानं होते.

आता नोआम मिल्सची गोष्ट. ही इस्रायलची एपे खेळाडू. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती खेळली. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात शिकताना तिथल्या संघातही होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सिसिलीतल्या कातानिया शहरात जागतिक स्पर्धा भरली. प्राथमिक फेरीत तिच्यासमोर आली ट्युनिशियाची सारा बेस्बेस. या फेरीतली लढत पाच गुणांची असते. पंचांनी इशारा दिला, पण साराचं पातं खालीच राहिलं. तिनं वार केला नाही, वार अडवलाही नाही. नोआमनं पाच वेळा टोक टेकवलं. निकाल लागला ५-०.

इस्रायली खेळाडूशी खेळू नये, असं साराच्या देशाच्या महासंघाचं म्हणणं असल्याचं तेव्हा वृत्तपत्रांतून आलं होतं. पण या खेळात लढायला सरळ नकार दिला, तर काळं कार्ड दाखवून स्पर्धेबाहेर काढतात. त्यामुळे ती पट्ट्यावर आली, पण खेळली नाही. या बहिष्कारामागे पॅलेस्टाइनच्या विस्थापितांचं दुःख आहे, आणि ते खरं आहे. साराही कच्ची खेळाडू नव्हती. पुढे २०१५ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत तिनं कांस्यपदक मिळवलं. म्हणजे कातानियात दोन चांगल्या खेळाडूंची एक चांगली लढत व्हायची राहून गेली. नोआमच्या नावावर विजय लागला खरा, पण असा विजय घेऊन खेळाडूनं करायचं काय?

हे ओझं इस्रायली तलवारबाजांना नवं नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांचे प्रशिक्षक होते आंद्रे श्पिट्झर. वय सत्तावीस, घरी तान्ही मुलगी. लेबनॉन आणि इस्रायल म्हणजे शत्रुदेश. तरी स्पर्धेच्या काळात आंद्रे लेबनॉनच्या खेळाडूंकडे गेले, ‘कसे झाले सामने?’ म्हणून विचारलं. त्यांनीही मोकळेपणी उत्तर दिलं, हस्तांदोलन झालं. ही आठवण त्यांच्या पत्नी अँकी यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ सप्टेंबरच्या पहाटे, ‘ब्लॅक सप्टेंबर’च्या पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इस्रायली पथकातल्या लोकांना ओलीस धरलं. अकरा इस्रायली मारले गेले. त्यांत आंद्रे होते. त्यांचे दोन्ही तलवारबाज, दान आलोन आणि येहुदा वाइझेनश्टाइन, शेजारच्या सदनिकेत होते म्हणून वाचले.

अलीकडची एक नोंद. जानेवारी २०२४ मध्ये कतारची राजधानी दोहा इथं युवल फ्रायलिख या इस्रायली खेळाडूनं एपेची ग्रां प्री स्पर्धा जिंकली. २०१९ चा तो युरोपीय विजेता. कतारचे इस्रायलशी राजनैतिक संबंध नव्हते. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर गाझात युद्ध पेटलं होतं, हजारो माणसं मरत होती. तरी दोह्यात इस्रायलचं राष्ट्रगीत वाजलं.

त्यानं युद्ध थांबलं नाही. खेळानं युद्धं थांबतात, असा माझा दावाही नाही. पण मुखवटा काढल्यावर समोर देश नसतो, घामानं भिजलेला एक चेहरा असतो. त्याला सलाम केल्यानं आपलं दुःख खोटं ठरत नाही. तो आपल्यासारखाच एक माणूस आहे, एवढंच आपण कबूल करतो.