कोष्टकाच्या आधीचे वाक्य

पहाटेच्या पहिल्या गाडीपासून मध्यरात्रीपर्यंत माणसांची ने-आण करण्यातच ज्याचा दिवस खर्ची पडतो, त्या विरारमध्ये काही छात्राध्यापक संस्कृतचे अध्यापन शिकण्यासाठी जमतात, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटले तरी या मुलखास प्राचीन भाषांचा सहवास नवा नाही. लगतच्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा प्राकृत तुकडा सापडला. आणि वसईच्या चर्चमधून तर १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिन उपासना चालत असे. त्या उपासनेतील शब्दांचा अर्थ पुष्कळांस अवगत नसला, तरी तिचा नाद त्यांच्या कानांत पक्का मुरलेला असे.

शाळेतील संस्कृताची अवस्था याच्या नेमकी उलट आहे: रूपे पाठ असतात, पण भाषेचा नाद कानांत मुरलेला नसतो. संपूर्ण १०० गुणांचे म्हणा की हिंदीच्या जोडीने संयुक्त ५० गुणांचे म्हणा, आठव्या इयत्तेत हा विषय घेणारे मूल बहुधा गुणांच्या आशेने येते, महिन्या-दोन महिन्यांत ‘देव’ शब्द सातही विभक्तींत बिनचूक चालवते, आणि देव कोठे आहे एवढे संस्कृतात विचारले की गप्प बसते. दोष मुलाचा नाही. त्याच्या शिक्षकासही हा विषय असाच शिकवला गेलेला असतो.

ही रीत जुनीच आहे. पाठशाळेत रूपावली आणि अमरकोश मुखोद्गत करण्याचा रिवाज होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६० च्या दशकात रचलेल्या ‘मार्गोपदेशिका’ या संस्कृत पाठ्यपुस्तकाने नियम, शब्द आणि भाषांतरासाठी वाक्ये अशी पाठवार मांडणी करून इंग्रजी शाळांची मोठी सोय केली. युरोपात लॅटिन शिकवण्याचा जो शिरस्ता होता, त्याच्याशी तिचे नाते उघड दिसते. पुढे बोकील आणि पारसनीस यांनी १९४२ मध्ये नव्या अध्यापनदृष्टीचा ग्रंथ लिहिला. तथापि वर्गातील फळ्यावरून विभक्तिरूपांचे कोष्टक काही हटले नाही.

मी पाहिलेल्या सराव पाठातही प्रारंभ कोष्टकानेच झाला. टाचणवहीत हेतू, साहित्य, फलकलेखन असे सर्व रकाने सुवाच्य अक्षरांत भरून आलेल्या छात्राध्यापिकेने खडू उचलला आणि तीन वचनांचे तीन उभे रकाने आखले. तोच मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी, “अगं, आधी बोल तर त्यांच्याशी,” असे म्हणून फळा पुसावयास लावला. मग त्यांनी स्वतः टेबलावर एक लेखणी ठेवली. “एषा का?” “एषा लेखनी.” “लेखनी कुत्र अस्ति?” येथे वर्ग अडखळला, बाईंनीच “उत्पीठिकायाम्” असे उत्तर दिले, तीच लेखणी पुस्तकावर, पिशवीत, एका मुलाच्या हातात ठेवून तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला, आणि सप्तमीचे नावही न उच्चारता “पुस्तके”, “स्यूते”, “हस्ते” अशी उत्तरे मुलांकडून येऊ लागली. मराठीत लोप पावलेले द्विवचन त्यांनी दोन मुलांना उभे करून, आणि मग डोळे, कान व हात यांकडे बोट दाखवून समजावले: बालकौ, नेत्रे, कर्णौ, हस्तौ.

अशा वेळी शिक्षकाच्या स्वतःच्या उणिवाही उघड्या पडतात. हरिः आणि गुरुः यांतील विसर्गांचा ध्वनी मागील स्वरानुसार ‘हरिहि’, ‘गुरुहु’ असा ऐकू यावयास हवा, हे पुस्तकात वाचलेले असूनही जिभेवर येत नाही. मराठी मातृभाषेच्या शिक्षकास नपुंसकलिंग उपजत कळते खरे. पण मराठीतला ‘तो मित्र’ संस्कृतात ‘तत् मित्रम्’ होतो तेथे हाच भरवसा त्याला दगा देतो. ज्यांच्या घरी हिंदी बोलली जाते, त्यांस तर तिसऱ्या लिंगाची सवय मुळापासून लावून घ्यावी लागते. व्याकरणाची पदवी असलेला माणूस अशा साध्या वाक्यांपाशी थबकतो, तेव्हा त्याला वाटणारा संकोच घालवणे हाच प्रशिक्षणाचा निम्मा भाग असतो.

परीक्षेत रूपे विचारली जातात, सबब कोष्टकास रजा देता येणार नाही आणि देऊही नये. मुलांच्या तोंडी दहा-वीस वाक्ये रुळल्यावर तेच कोष्टक त्यांना ओळखीच्या रूपांची व्यवस्था लावून देणारे साधन वाटते; आधी आले तर ते निव्वळ ओझे होते. म्हणून सराव पाठाच्या निरीक्षकाने आपल्या तक्त्यात फलकलेखनाच्या टापटिपीस गुण द्यावेत, पण त्याआधी तासिका संपेपर्यंत मुलांनी स्वतः किती वाक्ये उच्चारली, याची नोंद करावी.