अंदाज चुकतो तिथून पुढचं शिक्षण

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. चादरीत, कापसाच्या बोळ्यांत, नेसूच्या कपड्यांत रक्त जिरतं, काही खाटेवरून खाली ओघळतं. बघणारी सिस्टर कितीही अनुभवी असली तरी तिचा अंदाज सहसा कमीच निघतो, आणि रक्तस्राव जितका मोठा तितकी ही चूकही मोठी होते. म्हणून नर्सिंगच्या स्किल लॅबमध्ये एक साधा प्रयोग करून घेता येतो. लाल पाणी मोजून चादरीवर, पॅडवर, जमिनीवर ओतायचं आणि विद्यार्थिनींना विचारायचं, ‘किती मिलिलिटर?’ प्रत्येकीने आपला आकडा कागदावर लिहायचा. मग खरा आकडा फळ्यावर मांडायचा. दोन्हींतला फरक एकदा स्वतःच्या अक्षरात पाहिला की ती विद्यार्थिनी पुढे मोजल्याशिवाय बोलत नाही.

हा फरक जिवावर बेततो. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करण्याचं पहिलं काम गर्भाशयाच्या स्नायूंचं असतं. आडवेतिडवे विणलेले तंतू आकसतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. स्नायू आकसले नाहीत तर पोटावर ठेवलेल्या हाताला गर्भाशय टणक न लागता मऊ लागतं, आणि रक्त थांबत नाही. बाई आधीच रक्तक्षयाची असेल तर हाताशी फार थोडी मिनिटं उरतात.

आपल्या सीमेलगतच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये या प्रश्नावर एक महत्त्वाचा अभ्यास झाला. तो २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १६२० बाळंतिणींच्या त्या अभ्यासात प्रसूती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, त्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सबाई होत्या. बाळंतिणीखाली त्या मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावत, त्यामुळे गेलेलं रक्त मोजलं जाई. निम्म्या बायकांना गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या दोन लाखांहून अधिक प्रसूतींच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. मोजपिशवी वापरून रक्तस्राव वेळीच ओळखला आणि मालिश, औषधं, सलाईन हे सगळे उपचार एकामागोमाग एक न करता एकदमच सुरू केले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटतात. यात नवं औषध एकही नव्हतं. खाटेशी उभ्या असलेल्या माणसाने काय पाहिलं आणि किती लवकर हात चालवले, एवढाच बदल होता. ते माणूस बहुतेक वेळा नर्स असतं. त्यामुळे बी.एस्सी. नर्सिंगच्या वर्गात काय शिकवलं जातं, हा तुमच्याआमच्या घरातल्या बाळंतिणीचा प्रश्न आहे.

भारतात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाली. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी वर्षभर वॉर्डात राबायचं, वहीत प्रोसिजर उतरवायच्या आणि वर्षाअखेरीस लांबलचक उत्तरं लिहायची, अशा पद्धतीने ही पदवी मिळवली. भारतीय परिचर्या परिषदेचा नवा अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात आला आणि हा साचा बदलला. चार वर्षांची आठ सत्रं झाली. विद्यार्थिनीला काय येतं, हे करून दाखवण्यावर भर आला. नवजात बाळाची काळजी, जीवरक्षक प्रथमोपचार, वेदनाशामक सेवा, आपत्ती व्यवस्थापन हे भाग सक्तीचे झाले. आरोग्य माहितीशास्त्र आणि न्यायवैद्यक परिचर्या असे विषयही आत आले. परीक्षेत ‘ऑस्की’ ही पद्धत रुळते आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ती १९७५ साली मांडली. एकामागोमाग टेबलं मांडलेली असतात, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटांत एक काम करून दाखवायचं, आणि परीक्षकाच्या हातात त्या कामातल्या पायऱ्यांची यादी असते. कोणाची वही सुंदर आहे याला तिथे गुण नाहीत.

बातम्यांत नर्सिंग शिक्षणातलं नवेपण म्हणून महागडे पुतळे आणि डोळ्यांवर चढवायचे आभासी चष्मे दिसतात. त्यांचा उपयोग आहेच. छातीवर दाब देण्याचा सराव करताना वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर आहे की नाही, हे पुतळा लगेच सांगतो. ते नुसत्या डोळ्यांनी शिक्षिकेलाही कळत नाही. पण मला याहून मोलाचं साधन वाटतं ते पोटाला बांधायचं, कापडी पट्ट्यांचं बनावट गर्भाशय. नॉर्वेतल्या लेर्दाल या संस्थेने ते कमी खर्चाच्या शिक्षणासाठी तयार केलं. शिक्षिका ते स्वतःच्या पोटाला बांधते आणि बाळंतीण होते. ती विव्हळते, घाबरते, ‘बाळ रडत का नाही?’ म्हणून विचारते. आतल्या पिशवीतलं लाल पाणी किती सोडायचं ते तिच्या हातात असतं. विद्यार्थिनीने मालिश नीट केलं नाही तर ‘रक्त’ थांबत नाही. इथे बाळंतिणीशी बोलणं आणि हाताचं काम एकाच वेळी सांभाळावं लागतं, जे पुतळ्यापुढे सहज विसरलं जातं.

खरं शिकणं मात्र त्यानंतर होतं. दहा मिनिटांचा प्रसंग संपला की सगळ्या गोल बसतात आणि त्याहून जास्त वेळ बोलतात. तुला आधी काय दिसलं? तेव्हा काय वाटलं? मदत मागायला उशीर का झाला? शिक्षिकेने रागावायचं नाही, विचारायचं. आपल्याकडच्या वॉर्डात चूक झाली की सिस्टर बोलतील, मॅडम बोलतील, ही धास्ती मुली पहिल्या वर्षापासून बाळगून असतात, आणि धास्तावलेलं माणूस चूक लपवतं. चूक उघड्यावर मांडून तिचा विचार करायची सवय लागणं, हा माझ्या मते या सगळ्या बदलातला सर्वांत मोठा बदल आहे. अमेरिकेतल्या १० नर्सिंग कॉलेजांमधल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ साली आला. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास अशा सरावाला दिले तरी विद्यार्थी कुठे मागे पडले नाहीत. पण तिथले शिक्षक या चर्चेसाठी खास तयार केलेले होते. पुतळा विकत घेता येतो, असा शिक्षक घडवावा लागतो.

हे सगळं वसई-विरारमधून पाहिलं की त्याची निकड कळते. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, आणि २०११ च्या जनगणनेतच शहराची वस्ती १२ लाखांवर होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांत एकीकडे नालासोपाऱ्याच्या दाट चाळी आहेत, तर दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे पाडे. जिल्ह्यातली ३७ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. एकाच जिल्ह्यातल्या सिस्टरला आज मधुमेहाच्या आजोबांची पायाची जखम पाहायची असते, तर उद्या सिकलसेलच्या मुलाचा ताप. अशा मुलाचा ताप साधा समजून घरी पाठवून चालत नाही, कारण त्याची प्लीहा नीट काम करत नसते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो.

याच कारणाने नव्या अभ्यासक्रमातली एक तरतूद पालघरसाठी फार महत्त्वाची आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला लागणारी कौशल्यं आता पदवीतच शिकवली जातात. आधी त्यासाठी वेगळा पूरक अभ्यासक्रम करावा लागे. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे पाड्याजवळच्या उपकेंद्रात बसून तपासणारी, ठरावीक औषधं देणारी आणि कोणाला पुढे पाठवायचं ते ठरवणारी व्यक्ती. तिथे शेजारी विचारायला डॉक्टर नसतो, फोन असतो. त्या फोनवर ‘पेशंट बरी वाटत नाहीये’ असं सांगून भागत नाही. ‘चोवीस वर्षांची बाई, तासापूर्वी बाळंत झाली. मोजून ६०० मिलिलिटर रक्त गेलंय, गर्भाशय मऊ आहे, नाडी १२४. इंजेक्शन दिलं, सलाईन चालू आहे. गाडी बोलावली आहे, तुम्ही रक्ताची सोय करून ठेवा.’ आधी प्रसंग, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज, मग मागणी. ही बांधणी अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली आणि आता नर्सिंगमध्ये जगभर शिकवली जाते.

भाषेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पहिल्या सत्रात संवादासाठी इंग्रजी आहे, आणि ती हवीच. पण वसईच्या गावातली आजी दुखणं कादोडी बोलीत सांगते, मोखाड्याची बाई वारलीत, आणि नालासोपाऱ्यात निम्मी विचारपूस हिंदीत होते. वेदना कुठे, कशी, कधीपासून, एवढ्या प्रश्नोत्तरांपुरती तरी या बोलींची तयारी कॉलेजांनी स्वतःहून करून घ्यावी. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

विरारने आणखी एक धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि कोविडचे १५ रुग्ण दगावले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली होती. यंत्रणेतल्या दोषांची जबाबदारी नर्सवर टाकता येणार नाही. पण व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अंधारात, धुरात कसा हलवायचा, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कोणी बंद करायचा, याचा सराव प्रत्येक विद्यार्थिनीने केलेला असावा. आपत्ती व्यवस्थापनाचा भाग सक्तीचा झाला आहे. तो चार भिंतींतल्या भाषणात उरकला तर उपयोग नाही.

चांगलं शिकूनही मनुष्यबळ अपुरं असेल तर काय होतं? नऊ युरोपीय देशांतल्या तीनशे रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. एका नर्सवर सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती तितकीच घटते, असं त्यात दिसलं. म्हणजे शिक्षण आणि संख्या दोन्ही लागतात. आपल्याकडे विद्यार्थिनींकडूनच वॉर्डाची उणीव भरून काढायची जुनी सवय आहे. ती सुटल्याशिवाय नव्या अभ्यासक्रमाला वेळच मिळणार नाही.

शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची सलग इंटर्नशिप आहे, आणि तिचे चार आठवडे समुदाय आरोग्यासाठी आहेत. मुंबईपासून पालघरपर्यंतच्या कॉलेजांनी हे चार आठवडे रेल्वे स्टेशनालगतच्या सोयीच्या आरोग्य केंद्रात न काढता जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतल्या उपकेंद्रांत काढावेत. त्यासाठी मुलींच्या सुरक्षित राहण्याची सोय लागेल, सोबत पूर्णवेळ शिक्षिका लागेल आणि रात्रीच्या गाडीचा खर्च लागेल. हा खर्च जिल्हा परिषद आणि आरोग्य खात्याने उचलावा, कारण उद्या त्या उपकेंद्रांत याच मुली हव्या आहेत.