अठराव्या वाढदिवसानंतर काय? कॉर्कच्या एका आईची गोष्ट



यंदाच्या कार्यक्रमातून जमणारा निधी महाराष्ट्रातल्या एका छोट्या कार्यशाळेला जाणार आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. अठरा वर्षांवरची विशेष मुलं तिथे पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या बनवतात. हे ठरवताना बैठकीत एकाने सरळ विचारलं, "अहो, हे काम सरकारचं नाही का? आपण वर्गणी का काढायची?" प्रश्न अगदी रास्त होता. त्यावर चहाचे दोन कप संपले, पण उत्तर काही मिळालं नाही. घरी येताना मला आठवण झाली ती कॅथी सिनॉट यांची. आयर्लंडमध्ये अलीकडे आलेल्या मंडळींना हे नाव कदाचित माहीत नसेल, म्हणून हा लेख.

कॅथी सिनॉट यांचा जन्म 1950 सालचा, अमेरिकेतल्या शिकागोचा. पुढे त्या कॉर्कमध्ये स्थायिक झाल्या. नऊ मुलांची ही आई. त्यांपैकी जेमी 1977 साली जन्मला. त्याला तीव्र स्वरूपाची स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि त्याबरोबर बौद्धिक अपंगत्वही. अशा मुलाला शिकवायला वेगळी पद्धत लागते, रोजचा सराव लागतो, आणि सराव थांबला की शिकलेलंही विसरलं जातं. आई वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. पण आयुष्याच्या पहिल्या बावीस वर्षांत सरकारकडून जेमीला जेमतेम दोन वर्षांचंच खऱ्या अर्थाने शिक्षण मिळालं. हे माझं म्हणणं नाही, न्यायालयात नोंदलं गेलेलं सत्य आहे.

आता थोडं कायद्याविषयी. कंटाळू नका, गोष्टीचं मर्म इथेच आहे! आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेतलं कलम 42.4 सांगतं की राज्याने मोफत प्राथमिक शिक्षणाची सोय केली पाहिजे. (आपल्या भारतीय घटनेतली मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच आयरिश घटनेवरून घेतलेली आहे, हे शाळेत नागरिकशास्त्रात आपण सगळ्यांनीच पाठ केलंय.) पण "प्राथमिक शिक्षण" म्हणजे नक्की काय? पाटी-पुस्तक, बेरीज-वजाबाकी एवढंच? 1993 साली कॉर्कच्याच ओडोनोह्यू कुटुंबाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने सांगितलं की तीव्र अपंगत्व असलेल्या मुलालाही हा हक्क आहे. त्याने स्वतःच्या हाताने जेवायला शिकणं हेसुद्धा त्याच्यापुरतं शिक्षणच.

सिनॉट मायलेकांच्या खटल्याने पुढचा प्रश्न विचारला. ज्याला पाच वर्षांच्या मुलाचं शिक्षण वयाच्या विशीतही पुरं झालेलं नाही, त्याचा हक्क वाढदिवसाबरोबर संपतो का? 4 ऑक्टोबर 2000 रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट बार यांनी उत्तर दिलं, "नाही". हक्क गरजेवर ठरतो, वयावर नाही. जोवर शिकण्याचा उपयोग होतोय तोवर सरकारने शिकवलं पाहिजे. जेमीला 2,25,000 पौंड आणि आईला 55,000 पौंड भरपाईही मंजूर झाली.

सरकारने अपील केलं. पैसे देऊ, पण अठरा वर्षांनंतरची जबाबदारी घटनेने आमच्यावर टाकलेली नाही, असा पवित्रा. लोक फार चिडले. पण 12 जुलै 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. सातपैकी सहा न्यायमूर्तींचं मत पडलं की प्राथमिक शिक्षण हा लहान मुलांचा हक्क आहे आणि तो अठराव्या वर्षी संपतो. एकटे सरन्यायाधीश रोनन कीन वेगळे पडले. ज्याची गरज अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरही तीच राहते, त्याच्यासाठी ही रेघ कशाच्या आधारावर ओढायची, असा त्यांचा मुद्दा होता.

न्यायालयाचं दार बंद झाल्यावर कॅथीबाईंनी दुसरं दार ठोठावलं, राजकारणाचं. 2002 च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या कॉर्क साउथ-सेंट्रलमधून अपक्ष उभ्या राहिल्या. पाच जागांचा हा मतदारसंघ. पुढे पंतप्रधान झालेले मिहॉल मार्टिन याच मतदारसंघातले, आणि 1997 ते 2000 या काळात शिक्षणमंत्री तेच होते. इथे मतदान आपल्याकडच्यासारखं एका चिन्हाचं नसतं. मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे. तुमचा पहिला उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्याकडे जातं. त्यामुळे पक्षाचा झेंडा नसलेल्या माणसालाही इथे खरोखर संधी असते. मोजणी आणि फेरमोजणी होऊन शेवटच्या जागेवर कॅथीबाई हरल्या. किती मतांनी? फक्त सहा! आज जेवणाच्या एका टेबलाभोवती बसतील तेवढी माणसं.

दुसरं कुणी असतं तर घरी बसलं असतं. या बाई 2004 साली युरोपीय संसदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि साउथ मतदारसंघातल्या तीन जागांपैकी एक त्यांनी अपक्ष म्हणून जिंकली. त्याच मतदारसंघातून निवडून आलेले ब्रायन क्रॉली हे चाकाच्या खुर्चीतून वावरणारे नेते. म्हणजे तिघांपैकी दोघांना अपंगत्व म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. पाच वर्षं कॅथीबाईंनी अपंग व्यक्ती आणि त्यांना सांभाळणारे घरचे लोक यांचे प्रश्न ब्रुसेल्स आणि स्ट्रासबर्गला मांडले. 2009 मध्ये त्यांची जागा गेली.

त्यांची सगळीच मतं सगळ्यांना पटली असं मुळीच नाही. गर्भपाताला त्यांचा विरोध होता, 2008 च्या सार्वमतात लिस्बन कराराविरुद्धही त्या उभ्या राहिल्या. त्यावरून त्यांच्यावर कडाडून टीका झाली. पण त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही अशी एक गोष्ट आहे. विशेष मुलांचं शिक्षण हा विषय घराघरातून उचलून त्यांनी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणला.

मग बदललं काय? या गदारोळानंतर 2004 साली विशेष गरजा असलेल्या व्यक्तींच्या शिक्षणाचा कायदा आला, 2005 मध्ये अपंगत्व कायदा आला. छान वाटतं ना? पण थांबा. 2004 च्या कायद्यातही "मूल" म्हणजे अठरापर्यंतचंच, आणि प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र शिक्षण आराखडा देणारी कलमं वर्षानुवर्षं लागूच झाली नाहीत. 2005 च्या कायद्याप्रमाणे मुलाची तपासणी तीन महिन्यांत सुरू होऊन पुढच्या तीन महिन्यांत पुरी व्हायला हवी. तरी मुदत उलटूनही ताटकळणाऱ्या मुलांची संख्या 2024 मध्येही हजारोंत होती. कायदा होणं आणि मुलाच्या ताटात पडणं यांत बरंच अंतर असतं.

भारतात तरी काय वेगळं? 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तो हक्क अठरा वर्षांपर्यंत नेला. पुढे? पुढे शाळेचा निरोप समारंभ होतो, आणि मूल घरी बसतं. आई-वडील साठीकडे झुकलेले, आणि दारामागे बसलेला तीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. आपल्यापैकी कित्येकांच्या नात्यात, चाळीत, वाड्यात असं एखादं घर आहे. आपण त्याविषयी फारसं बोलत नाही, एवढंच.

म्हणून बैठकीतल्या त्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. होय, हे काम सरकारचंच आहे. पण ते सरकारला मान्य होईपर्यंत त्या मुलांचे दिवस थांबून राहत नाहीत. सराव सुटला की हात पुन्हा शिकलेलं विसरतात. आजची वर्गणी त्या मधल्या दिवसांसाठी आहे. ती उपकार म्हणून देऊ नका, आणि दिली की काम संपलं असंही समजू नका.

एक शेवटची गोष्ट. इथल्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आयरिश पासपोर्ट लागत नाही, इथे राहणारा आणि मतदार यादीत नाव असलेला कुणीही प्रौढ मत देऊ शकतो. उमेदवार प्रचाराला दारात येतात तेव्हा आपण हसून पत्रक घेतो आणि दार लावतो. पुढच्या वेळी दार लावण्याआधी एवढंच विचारा, "अठराव्या वाढदिवसानंतर या मुलांचं काय?" सहा मतांची किंमत काय असते, हे कॉर्कमध्ये सगळ्यांना माहीत आहे.