मागाल तेव्हा गरम पोळी

भाजी मागवण्यापासून विजेचे बिल भरण्यापर्यंत कितीतरी कामे आता मोबाइलवरील ॲपमधून होतात. बहुतेक ॲपच्या तळाशी चार-पाच चिन्हांची पट्टी असते: मुख्य पान, शोध, ऑर्डर, खाते. या चिन्हांना टॅब म्हणतात. प्रत्येक टॅबमागे एक वेगळा पडदा असतो. ॲप उघडताच हे सगळे पडदे तयार करायचे की मागणी येईल तसे?

पंगतीतल्या सगळ्यांच्या पोळ्या होईपर्यंत पहिले पानही वाढायचे नाही असे ठरवले, तर पाहुणे ताटकळतील आणि पोळ्याही उरतील. ॲपचेही तसेच आहे. सगळे टॅब एकदम भरले, तर ॲप उघडायला वेळ लागतो, न पाहिलेल्या चित्रांवरही डेटा खर्च होतो आणि स्वस्त फोनची मेमरी अडून बसते.

म्हणून जो टॅब दाबला जाईल, तोच पडदा तयार करण्याची पद्धत रूढ झाली. तिला 'लेझी लोडिंग' म्हणतात. नाव आळसाचे असले, तरी काम शहाणपणाचे आहे! फेसबुकने 2015 मध्ये खुल्या केलेल्या रिॲक्ट नेटिव्हसाठी रिॲक्ट नेव्हिगेशन नावाचे साधन वापरले जाते. त्यात तळपट्टीचे टॅब मुळातच असे चालतात. गूगलच्या फ्लटरमध्ये मात्र 'इंडेक्स्डस्टॅक' वापरल्यास सगळे पडदे एकदम तयार होतात. तेथे ही सोय प्रोग्रामरला स्वतः करावी लागते.

एकदा तयार झालेला पडदा सहसा तसाच ठेवला जातो. त्यामुळे पहिल्यांदा टॅब दाबल्यावर क्षणभर थांबावे लागते, दुसऱ्यांदा तो चटकन दिसतो. अर्धवट लिहिलेला पत्ताही जागेवर राहतो.

पण याची दुसरी बाजूही आहे. ठेवलेल्या पडद्यावरची माहिती शिळी असू शकते. टॅबवर परतताच ती ताजी करण्याची व्यवस्था ॲप बनवणाऱ्याने केलेली नसेल, तर बिल भरल्यावरही खात्यात जुनीच थकबाकी दिसते. अशा वेळी घाबरून पुन्हा पैसे भरू नका. पडदा बोटाने खाली ओढून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. बँकेचा संदेश आणि खात्यातील नोंद तपासा. खात्री झाल्यावरच पुढचे पाऊल उचला.