मणक्याचे ऑपरेशन : छोटा छेद की मोठा?

सूर्यमाळच्या चढणीवर डोक्यावर हंडा वाहणारी माय असो की दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला भाऊ, पाठदुखी कष्टकऱ्यांच्या घरात नवी नाही. ती वाढली की कोणीतरी सांगते, ‘मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन करा.’ मग ‘छोट्या छेदाचे’ चांगले म्हणून घरचे लोक कर्ज काढायला निघतात. म्हणून दोन्ही पद्धती आधी समजून घेऊ.

सरकणारे मणके स्क्रू, सळ्या आणि हाडाचे तुकडे घालून एकमेकांना जोडतात. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली हिब्ज आणि आल्बी या डॉक्टरांनी मणके जोडण्याची सुरुवात केली, तेही मणक्याच्या क्षयासाठी. हाड सांधायला काही महिने लागतात.

मणक्याला लगटून दोन्ही बाजूंनी मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो. तो मणक्यांना जागेवर धरतो. उघड्या ऑपरेशनात तो हाडापासून सोडवून बाजूला ताणून धरावा लागतो. त्या दाबाने त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, बारीक नसाही दुखावतात. पुढे स्नायू बारीक होऊन त्यात चरबी भरू शकते. छोट्या छेदात स्नायूचे धागे न कापता बाजूला सारून नळी आत घालतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहून स्क्रू बसवतात.

याचा फायदा खरा आहे : रक्त कमी जाते, सुरुवातीचे दुखणे कमी असते, रुग्ण लवकर घरी येतो. पण वर्ष-दोन वर्षांनी दुखणे आणि कामाची ताकद पाहिली, तर बहुतेक तुलनांत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरतात. छोट्या छेदात एक्स-रे जास्त लागतो, आणि प्रत्येक रुग्णाला ती पद्धत चालत नाही. तेव्हा केवळ छेद छोटा म्हणून शेत गहाण टाकू नका.

बहुतेक पाठदुखी ऑपरेशनाशिवाय बरी होते. म्हणून डॉक्टरांना विचारा : जोडणी कशासाठी? व्यायाम आणि औषधे पुरेशी करून झाली का? अशी ऑपरेशने तुम्ही किती केलीत? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा आपला हक्क आहे.

मात्र पायातली शक्ती जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर एक दिवसही थांबू नका. जव्हारचे कुटीर रुग्णालय गाठा. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप येत असेल, वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी करा. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

ऑपरेशन कोणतेही असो, नंतर डॉक्टर सांगतील तसे चालणे आणि पाठीचा व्यायाम चुकवू नका. बिडी, तंबाखू, मशेरी सोडा; निकोटीनमुळे हाड सांधायला अडथळा येतो. स्नायू सांभाळणे शेवटी आपल्याच हाती आहे.