कुट्टी यंत्र जोडताना चाक अडते, ते कशामुळे?



ज्वारीचा कडबा अख्खाच टाकला तर जनावरे पाला खातात आणि ताटे पायाखाली तुडवतात. कुट्टी केली की ही नासाडी पुष्कळ कमी होते. म्हणून मोटरवर चालणारे कुट्टी यंत्र आता बऱ्याच गोठ्यांत आले आहे. पण दुकानातून ते पुष्कळदा सुट्या भागांत मिळते. पाय, चाक, दांडा, दोन पाती, रोलर, पुल्या, पट्टा आणि पिशवीभर नट-बोल्ट. घरी जोडायला बसले की कुठेतरी अडते. भोकासमोर भोक येत नाही, नाहीतर सगळे जोडून झाल्यावर चाकच फिरत नाही. मग कोणीतरी घण घेऊन येतो.

घण आधी बाजूला ठेवा. चाक बिडाचे असते. बीड ठोकल्याने वाकत नाही, तडकते. ती तड लगेच दिसेलच असे नाही, पण चाक वेगात फिरू लागले की तिथूनच ते फुटू शकते. आणि पाते तोंडाच्या पट्टीवर आदळून तुटले, तर तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. अडचण जिथे दिसते तिथे ती बहुधा नसते, तिच्या खालच्या जोडात असते. म्हणून तपासणी पायापासून सुरू करावी. सपाट कोब्यावर सांगाडा उभा करा आणि सगळे बोल्ट हातानेच, सैल लावा. पाना अजून नको. सांगाडा डुलतो का बघा. मग सुतळीने समोरासमोरच्या पायांची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापे घ्या. ती सारखी नसतील तर सांगाडा एका अंगाला ओढलेला आहे. हाताने दाबून मापे जुळवा, मगच बोल्ट आवळा. वर न जुळणारी निम्मी भोके इथेच जुळतात.

आता दांडा आणि त्याची दोन बेअरिंगे. बोल्ट सैल असताना चाक मोकळे फिरते आणि आवळल्यावर जड होते, ही नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी एकदम सगळे आवळू नका. एक बोल्ट थोडा आवळा, चाक हाताने फिरवा, मग समोरचा आवळा, पुन्हा फिरवा. ज्या बोल्टपाशी चाक जड होईल, त्याच बाजूची बैठक खाली-वर आहे असे समजावे. बैठक खाली असेल तर बेअरिंगखाली पातळ पत्र्याचा तुकडा घाला. पुठ्ठा किंवा लाकडाची चीप घालू नये, कारण ती हादऱ्याने दबते आणि चार दिवसांत पुन्हा तेच होते.

चाक मोकळे फिरू लागले की ते दोन्ही हातांनी धरून दांड्याच्या दिशेने आत-बाहेर ओढून बघा. पुष्कळ लोक हे बघतच नाहीत आणि पाती पुन्हा पुन्हा सरकवत बसतात. चाकच आत-बाहेर हलत असेल, तर पाते एका फेऱ्यात पट्टीपासून लांब राहील आणि पुढच्या फेऱ्यात तिच्यावर घासेल. दांड्यावरची कॉलर सरकवून ही ढिलाई आधी काढा.

पात्यांना हात लावण्यापूर्वी विजेची जोडणी काढलेली असावी आणि चाकाच्या आऱ्यांत लाकडी ओंडका अडकवावा. जड चाक नुसत्या धक्क्यानेही फिरते आणि तेवढ्यात बोट जाते. पाते तोंडाच्या पट्टीच्या अगदी जवळून जावे, पण तिला शिकू नये. पारख सोपी आहे. वहीचा कागद एका लांब चिपाट्यावर चिकटवून तोंडात धरा, दुसऱ्या माणसाला ओंडका काढून चाक सावकाश हाताने फिरवायला सांगा. कागद स्वच्छ कापला पाहिजे. दुमडून ओढला गेला तर अंतर जास्त आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि दोन्ही पात्यांनी ही पारख करा. पात्याचा बोल्ट हरवला तर पेटीतला कुठलाही घालू नका, त्याच जातीचा आणा.

रोलरचे फारसे काही नाही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचा ताण सारखा असावा, नाहीतर कडबा एका कडेला सरकतो.

आता पट्टा. पट्टा सारखा उतरतो, एका बाजूने झिजतो, खाली काळी पूड पडते, अशी खूण दिसली की नवा पट्टा आणण्याआधी पुल्या बघा. मोटरची पुली आणि चाकाची पुली एका रेषेत हव्यात. दोन्हींच्या कडांना लावून दोरी ताणून धरा. पुल्यांची रुंदी सारखी असेल तर दोरी दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, म्हणजे चार ठिकाणी टेकेल. एखाद्या ठिकाणी फट दिसली तर मोटर सरकवा किंवा वळवा. रुंदी वेगळी असेल तर पट्ट्याच्या खाचेच्या मध्यापासून माप धरावे. ताण बघताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. पुल्यांमध्ये एक मीटर अंतर असेल तर तो साधारण दीड सेंटिमीटर दबावा. जास्त ताणला तर बेअरिंग तापते.

मोटर पहिल्यांदा पट्टा न चढवता चालवा आणि ती कोणत्या बाजूला फिरते ते बघा. उलटी फिरत असेल तर तारा बदलण्याचे काम वायरमनकडूनच करून घ्या. मग जोडणी काढून पट्टा चढवा, वरची जाळी बसवा, आणि अर्धा तास रिकामे चालवून, वीज तोडून व चाक पूर्ण थांबल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या जोडांतले बोल्ट पहिल्या हादऱ्यांत हटकून सैल होतात.

कडबा घालण्यापूर्वी एवढे करा. कडबा घालणारा जिथे उभा राहणार तिथे उभे राहून, न वाकता, रोलर थांबवणाऱ्या दांडीपर्यंत हात पोहोचतो का ते बघा. घरातली बाई कुट्टी करणार असेल तर तिला उभी करून बघा. पोहोचत नसेल तर यंत्राची जागा किंवा उंची आजच बदला.